सोनं रोळणारी परात

मी एक जुनी पितळी परात आहे आणि मला स्वस्थ पडून राहवत नाही. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांवर ठोके खाऊन मी गोल झाले आणि तिथून थेट नंदाबाईंच्या हाती आले. त्या माझ्यात तांदूळ रोळत. मित्रांनो, रोळणं तुम्ही पाहिलंय का? परातीत तांदूळ आणि पाणी घालून गोल गोल हलवायचं. हलके तांदूळ पाण्याबरोबर वर येतात, ते दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचे. जड खडे तळाशी राहतात, ते फेकून द्यायचे. नंदाबाईंचा हात बघायला शेजारणी हातातलं काम टाकून येत. मी तेव्हा जरा फुगलेच होते.

पुढे त्यांचा मुलगा रुचिर सिंगापूरला नोकरीला लागला. सामानाबरोबर मीही मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये आले. इथल्या तांदळात खडा औषधालासुद्धा सापडत नाही. सूनबाई प्रणिताने मला कपाटावर ठेवलं. अगदी पुसून, प्रेमाने ठेवलं, पण ठेवलंच ना! माझं अंग नुसतं शिवशिवायचं.

२०१६ च्या जूनमध्ये नंदाबाई नातीची, गार्गीची, सुट्टी संपेपर्यंत राहायला आल्या. त्यांचीही माझ्यासारखीच गत झाली. भाजी चिरायला घेतली की प्रणिता म्हणे, "आई, तुम्ही बसा." कपडे धुवायला घेतले की रुचिर म्हणे, "मशीन आहे ना, आई." बिचाऱ्या या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहायच्या. शेवटी म्हणाल्या, "रुचिर, माझं तिकीट अलीकडचं करून दे. इथे माझं काही काम नाही."

दहा वर्षांची गार्गी रडवेली होऊन इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "डोन्ट गो लाह, आजी!"

आईचं मन रमावं म्हणून रुचिरने रविवारची सहल ठरवली आणि घरात सगळ्यांना सांगितली. समुद्रकाठी मुलांचा मेळा भरणार होता. तिथे वाळूत सोन्याचे बारीक कण मिसळून ठेवणार होते. वाळू पाण्यात हलवायची, हलकी निघून जाते, जड सोनं तळाशी राहतं. हे ऐकताच नंदाबाई उठल्या. "अरे, हे तर रोळणंच की!" आणि त्यांनी मला कपाटावरून खाली काढलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मेळ्यातला माणूस मला बघून हसला. "कॅन, आंटी, कॅन!" म्हणाला, म्हणजे चालेल की. नंदाबाईंनी मला टबावर धरलं आणि त्यांचं मनगट फिरू लागलं. वाळू अलगद वर येऊन बाजूच्या बादलीत जात होती. लोक जमले. माझ्या तळाशी चिमूटभर काळी रेती उरली आणि तिच्यात पिवळं काहीतरी चमकलं. गार्गी टाळ्या पिटणार, इतक्यात नंदाबाईंच्या हाताने जन्मभराची सवय पाळली. तळाचं सगळं त्यांनी झटकन गवतात फेकून दिलं आणि बादलीतली वाळू जपून पुढे ओढली!

"आजी! दॅट वॉज द गोल्ड!"

सगळे हसले. नंदाबाईंचा चेहरा एवढासा झाला. "मला इथलं काहीच जमत नाही रे," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

गार्गीने मला उचललं. "आजी, मला शिकव." तिने मला असं हिसडलं, की अर्धी वाळू रुचिरच्या बुटांत गेली.

"अगं, काय हा धसमुसळेपणा!" नंदाबाई कडाडल्या. सिंगापूरला आल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. "खांदा नको हलवूस, मनगट हलव. हं, अशी! पुन्हा कर." मेळा आवरेपर्यंत त्या ओरडत होत्या आणि गार्गी पुन्हा पुन्हा करत होती. सोन्याचा एक कणही मिळाला नाही.

परतताना बसमध्ये रुचिरने भीत भीत विचारलं, "आई, तिकिटाचं काय करू?"

"राहू दे. पोरीचं मनगट अजून कच्चं आहे. असं अर्धवट शिकवून जाऊ होय?"

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणी कपाटावर पडलेलं असेल, कुणी सोफ्यावर बसवलेलं असेल. त्यांना जपा, पण नुसतं जपून ठेवू नका. त्यांच्या हातून काही सांडलं, चुकलं, तर बिघडत नाही. "तुम्ही बसा" म्हणू नका, "मला शिकवा" म्हणा. आणि जरा लवकर म्हणा, बसून बसून आमचं अंग आखडून जातं हो!