बेबाबाईची सातवी पोळी

चोपड्याहून सातपुड्याच्या अंगाला निघालं की केळीच्या बागांमध्ये एक गाव लागतं. त्या गावात बेबाबाईला विचारल्याशिवाय लग्नाची तारीख धरत नाहीत. पत्रिका भटजी बघतो हो, पण खापरावरच्या पुरणपोळ्या करायला बेबाबाई मोकळी आहे का, हे आधी बघावं लागतं. चुलीवर पालथं खापर, आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरत जाणारी पोळी. सदुसष्ट वर्षांची बाई, पण मनगट असं की सुनांनी बघत राहावं. तिच्या हातची पोळी आजवर कोणी परत पाठवली नव्हती. बाईला या एका गोष्टीचा फार गर्व होता. आणि का नसावा?

अशा बाईच्या अंगणात यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी इटलीचा सिनेमावाला येऊन उतरला.

आणला तो तिच्याच नातीने, भूमिकाने. पोरगी पुण्यात इटालियन शिकायला लागली तेव्हा तिचे आजोबा, चुडामणआबा, म्हणाले होते, "हाई भाषा बोलाले आपला गावमा कोन शे?" आता त्याच भाषेवर पोरगी पगार घेत होती. दिग्दर्शक एत्तोरे मोन्तालदी यांची ती दुभाषी. त्यांचं वय एक्क्याऐंशी, डोक्यावर गवती टोपी, गळ्यात भिंग. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? गावाने दुपारपर्यंत त्यांचा 'नाना' करून टाकला.

नाना कोण, ते भूमिकाने शूटिंगच्या आदल्या दिवशी डाळ निवडताना आजीला सांगितलं. त्यांची आई गावच्या भट्टीत पाव भाजायची. मुलगा अठराव्या वर्षी घर सोडून रोमला गेला. स्टुडिओत झाडू मारला, दिवे वाहिले, आणि असं करत करत कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला. पहिलाच सिनेमा काढला तो आईवर. गाजला! मग मधली दहा वर्षं एकही चालला नाही. साबणाच्या जाहिराती करून दिवस काढले. पुन्हा उभा राहिला तो असा की बक्षिसं ठेवायला कपाट पुरेना. बावीस सिनेमे, तीन लग्नं.

"तीन?" बेबाबाईचा हात सुपातच थांबला.

"एका वेळी नाही गं आजी, एकामागून एक."

"मंग ठीक शे. अन मायनी काय म्हनं?"

"आईने पहिल्यानंतर त्यांचा एकही सिनेमा बघितला नाही म्हणे. का, ते नाना कोणालाच सांगत नाहीत. आता हा शेवटचा. देशोदेशी भाकरी-पोळ्या करणाऱ्या बायांवर आहे. सगळा झालाय, फक्त शेवट मिळत नाहीये. तो तुझ्याकडे मिळेल म्हणतात."

आपल्या चुलीवर एवढ्या मोठ्या माणसाचा शेवट अडला आहे, हे ऐकून बेबाबाईने ठेवणीतलं लुगडं काढलं.

सकाळी सातला चूल पेटली. पहिली पोळी खापरावर पडली ती नुसती देखणी. नाना मात्र खापराकडे न बघता कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या टीव्हीकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

"आजी, पुन्हा एकदा," भूमिका म्हणाली.

बेबाबाईने दुसरी केली. पुन्हा एकदा. तिसरी केली. पुन्हा एकदा! आता या घरात केलेली पोळी टाकायची नाही, हा नियम. म्हणून शेजारच्या पुष्पाबाईने ओट्यावर पंगतच मांडली. दुधात तुपात भिजवून गल्लीने तुकडा तुकडा खाल्ला, मग सिनेमावाल्यांनी. आवाज टिपणारा गडी दोन घासांनंतर कानाला यंत्र लावूनच भिंतीशी घोरायला लागला.

"अठ्ठेचाळीस वरीस मी गुपचूप खादं," चुडामणआबा मिशीत हसले, "आते समजनं, कच्ची व्हती!"

सगळे हसले, बेबाबाई हसली नाही. डाळ नीट वाटली गेली नाही का? कणीक कमी तिंबली? तिने पुरण चिमटीने चाखून बघितलं. चौथी जीव ओतून केली. परत. पाचवी परत. सहावी परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही धुराचं नव्हतं. अख्ख्या गल्लीदेखत, सहा वेळा!

तिने हात झटकले आणि उठली. "भूमे, विचार त्याले. गूळ कमी शे का पुरन जाडं शे? काय चुकनं मन्हं?"

"अगं, पोळी छानच आहे! उजेड सरकतो, धूर आडवा येतो, म्हणून ते..."

"त्यानी खादी का?"

सकाळपासून नानांनी एक घास घेतला नव्हता.

"खादी नई अन पुन्हा कर सांगस? उजेड काय खावाना शे का?"

आणि बेबाबाईने त्या बक्षीसवाल्या माणसाचं मनगट धरलं. चुलीसमोर पाट सरकवला. "आठे बस. टोपी काढ. पाय मोडता येतस नई? मंग पसर. तोंड मन्हाकडे कर." भूमिका सांगायला तोंड उघडते तोवर नाना बसलेसुद्धा. आयुष्यभर लोकांना इथे उभा राहा, तिकडे बघ सांगणारा माणूस, शहाण्या पोरासारखा बसला.

सातवी पोळी झाली. बेबाबाईने वर तूप सोडलं, घास मोडला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात घातला.

नाना चावता चावता थांबले. मग हळूहळू बोलायला लागले. भूमिका एकेक वाक्य सांगत गेली. "आजी, ते म्हणतात, पहिल्या सिनेमात त्यांनी आईला चौदा वेळा पाव भाजायला लावले. उजेडासाठी. एकही चाखला नाही. आई म्हणाली, तू जगाला दाखवशील, पण तुला चव कळायची नाही. त्यानंतर तिने कधी त्यांचा सिनेमा बघितला नाही. त्यांनी कधी तिची माफी मागितली नाही."

चौदा! बेबाबाईला सहाच वेळांत काय वाटलं होतं ते तिचं तिला माहीत. सगळा राग कुठल्या कुठे गेला. तिला त्या कधी न बघितलेल्या बाईची माया आली, आणि या म्हाताऱ्याचीही.

"तुन्ही माय खरं बोलनी," ती म्हणाली, "पन माय रागे भरस, उपाशी नई ठेवस. खा आते."

नाना रडत रडत हसले आणि अख्खी पोळी संपवली. मग ताट पुढे केलं. "म्हणतात, अजून एक," भूमिका म्हणाली, आणि अंगण हसून कोसळलं. बेबाबाईही पदर तोंडाला लावून हसली. हे सगळं कॅमेऱ्यात गेलं होतं. तो बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

थंडीत सिनेमा पुरा झाला. भूमिकाने दोन जीपा करून अख्खी गल्ली जळगावच्या थिएटरात नेली. बेबाबाईच्या पहिल्या सहा पोळ्या त्यात नव्हत्याच. शेवटी पाटावर बसलेले नाना, तो घास, ते पुढे केलेलं ताट. मग नावं आली. भूमिकाने मोठ्याने वाचलं, "शेवटच्या दृश्याचं दिग्दर्शन, बेबाबाई चुडामण पाटील." चुडामणआबांनी अशी शिट्टी मारली की पुष्पाबाईने कान झाकले.

बाहेर येतात न येतात तो नानांचा फोन. फोनच्या पडद्यावर चेहरा उतरलेला. बक्षिसांचं कपाट असलेला माणूस, आणि निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा घाबरलेला.

"आजी, विचारतात, तुम्ही पूर्ण बघितला का?"

बेबाबाईने फोन जवळ घेतला. "बठ्ठा देखा मी." मग भुवया आवळून, खापरासमोर बसल्यासारखी ताठ होऊन म्हणाली, "भूमे, त्याले सांग. पुन्हा एकदा लाव."

भूमिकाने सांगितलं. तिकडे नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि इकडे आबा सगळ्या गल्लीची तिकिटं पुन्हा काढायला खिडकीकडे पळाले.