आठच्या आधी नाही

लव्हॉनला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी मला उपदेश करायला नको.

आमच्या गावात मे महिन्यातला दुसरा शुक्रवार हा गॅरेज सेलचा. सगळं गाव एकाच दिवशी आपली अडगळ गॅरेजपुढे मांडतं आणि दुसऱ्याची अडगळ घरी घेऊन जातं. नियम दोनच. आठच्या आधी कुणाच्या दारात जायचं नाही. आणि ड्राइव्हवेवर, म्हणजे गॅरेजपुढच्या वाटेवर, जे आहे ते विकायला आहे. गेलं की गेलं, परत मागायचं नाही. लव्हॉन पहिला नियम कधी पाळत नाही. उजाडायच्या आत टॉर्च घेऊन लोकांच्या गॅरेजात शिरते, चांगलंचुंगलं उचलते आणि बंद पडलेल्या डेअरीच्या इमारतीतल्या आपल्या जुन्या वस्तूंच्या स्टॉलवर चौपट भावानं विकते. दुसरा नियम मात्र तिला तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी मी टेबलावर माझ्या आईची निळी इनॅमलची किटली ठेवली होती, झाकणापाशी टवका उडालेली. विकायला नव्हे, आल्यागेल्याला कॉफी द्यायला. अंडं फोडून घालून उकळलेली कॉफी. आई चर्चच्या तळघरात गावातल्या प्रत्येक लग्नाला नि मयताला याच किटलीत ती करायची. मी कप आणायला आत गेले आणि तेवढ्यात लव्हॉन आली. सातसुद्धा वाजले नव्हते. तिनं माझ्या नवऱ्याला, वेंडेलला विचारलं, "हिचे किती?" आणि वेंडेल, ज्याला स्वतःच्या मोज्यांची किंमत ठाऊक नाही, तो म्हणाला, "द्या एक डॉलर."

मी कप घेऊन बाहेर आले तर टेबल रिकामं. कॉफी बाईनं माझ्या पिओनीच्या फुलांच्या वाफ्यात ओतून दिली होती. मातीतून अजून वाफ निघत होती.

मी तशीच तिच्या घरी गेले. "लव्हॉन, अगं ती आईची आहे."

"ड्राइव्हवेवरून गेलं ते गेलं, आर्डिस," ती म्हणाली. "नियम काय माझ्या एकटीसाठी आहेत?"

तिनं ती विकली असती तरी मला कमी लागलं असतं. तिनं ती वापरायला काढली. नोव्हेंबरात माझ्या चुलतभावाच्या दफनानंतर चर्चमध्ये तिनं त्याच किटलीतून माझ्या कपात कॉफी ओतली आणि गोड आवाजात विचारलं, "दूध घालू?" सगळ्या बायका आपापल्या ताटांकडे बघत राहिल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "घाल की," मी म्हणाले.

बर्फ पडायला लागला तशी मी कामाला लागले. जानेवारीत इथले लोक बियाण्यांच्या कॅटलॉगातली चित्रं बघत बसतात. मी लव्हॉनचा विचार करत बसले. सेलच्या सकाळी ती स्वतः गावभर फिरते आणि आपल्या गॅरेजपुढे नवऱ्याला, गसला बसवून जाते. त्याला तिचा हुकूम असतो: किमतीची चिठ्ठी नसेल त्याचा डॉलर सांगायचा, काहीही परत घरात यायला नको. गस भला माणूस आहे. बायकोचा शब्द तो खाली पडू देत नाही.

एप्रिलमध्ये गावच्या साप्ताहिकात मी जाहिरात दिली. आजोबांच्या माळ्यावरची मासे धरायची लाकडी आमिषं, जुन्या चिनीमातीच्या बरण्या, ठीक आठला, आधी नाही. एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त किमती मी लव्हॉनच्याच स्टॉलवर बघून लावल्या होत्या.

"आणि मी काय करायचं?" वेंडेलनं विचारलं.

"गॅरेजचं दार लावून आत बसायचं. आठपर्यंत उघडायचं नाही."

"तिनं बाहेरून हाका मारल्या तर?"

"रुबार्बचा केक ठेवलाय. तोंडात कोंबायचा."

"तेवढं जमेल मला," वेंडेल म्हणाला.

शुक्रवारी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिलं, लव्हॉन टॉर्च घेऊन आमच्या बंद दारापुढे हजर. तिच्यामागे हळूहळू रांग लागली. आता पहिला नंबर सोडून ती मेली तरी हलणार नव्हती. मी मागच्या दारानं निघाले. हो, आठच्या आधीच. जशास तसं.

गस घडीच्या खुर्चीत मांडीवर गोधडी घेऊन बसला होता. शेजारी शेगडीवर आईची किटली वाफाळत होती.

"गस, या किटलीचे किती?"

त्यानं ती चहूबाजूंनी पाहिली. "चिठ्ठी नाही. मग एक डॉलर."

उरलेली कॉफी मी त्याच्या थर्मासमध्ये भरून दिली. वाफ्यात ओतायचं मला आईनं शिकवलेलं नाही.

तिथूनच परतले असते तर तो न्याय झाला असता. पण मला न्याय नको होता. ती गोधडी मी ओळखली होती. लव्हॉनच्या आईनं ती शेवटच्या आजारपणात शिवलेली. तिची नजर अधू झाली होती, तेव्हा सुया मीच ओवून दिल्या होत्या.

"आणि गोधडीचे?"

गसनं आपल्या मांडीकडे पाहिलं. "हिलाही चिठ्ठी नाही की." तो उठला, गोधडी झटकली आणि माझ्या खांद्यावर घातली. "थंडी आहे, आर्डिस. घरी जाईपर्यंत अशीच राहू दे."

तशीच मी समोरच्या रस्त्यानं घरी आले. वेंडेलनं नुकतंच दार उघडलं होतं. लव्हॉन एका बरणीची किंमत वाचून नाक मुरडत होती. तिनं वर पाहिलं आणि बरणी खाली ठेवली.

"आर्डिस, ती आईची आहे."

"ड्राइव्हवेवरून गेलं ते गेलं, लव्हॉन."

"गसला काय कळतंय! हवे तेवढे पैसे घे."

"माझा काय स्टॉल आहे?"

"किटली ठेव. ती तुझीच होती," ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि रडायलाच लागली. "गोधडी दे गं."

वर्षभर मी हे ऐकायला आसुसले होते. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पोट काही भरलं नाही. रांगेतल्या बायकांना या वेळी बघायला ताटंही नव्हती. त्या सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. मी आत जाऊन ताजी कॉफी केली, बाहेर आणली आणि आईच्या किटलीतून तिच्या कपात ओतली.

"दूध घालू?" मी विचारलं.

गोधडी आता आमच्या पलंगाच्या पायथ्याशी असते. ऊबदार आहे. वेंडेल रोज म्हणतो, "झालं ते झालं, देऊन टाक तिला." मी कुठे नाही म्हणते? पुढच्या मे महिन्यात मांडणारच आहे, एक डॉलरची चिठ्ठी लावून. लव्हॉननं यावं, रांगेत उभं राहावं. आठला, आधी नाही. तिच्यापुढे पहिल्या नंबरावर कुणाला उभं करायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. आमच्याकडे हिवाळा मोठा असतो.