लिटरभर पाण्याचं वजन

"किती भरलं?" मी बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं.

"एकोणसाठ. कालच्याइतकंच. आता चहा टाकू द्याल का?" हेमा आतून म्हणाली.

हेमाचं हृदय अशक्त झाल्यापासून डॉक्टरांनी रोज सकाळी तिचं वजन करायला सांगितलं होतं. रातोरात कुणी जाड होत नाही. किलोभर वाढलं तर अंगात लिटरभर पाणी साठलं. दोन किलो वाढलं, तर थेट हॉस्पिटलात.

काटा एकोणसाठावरच होता. पण तिच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडे, आणि आडवी झाली की तिला धाप लागे.

माझंच काहीतरी चुकत असणार. जन्मभर पुस्तकं वाचली, पण वाचलेलं कळलंय अशी खात्री कधी वाटली नाही. पाच लिटर तेलाच्या कॅनवर वजन साडेचार किलोच छापलेलं असतं, कारण तेल पाण्याहून हलकं. अंगातलं पाणीही तसंच हलकं असेल? नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकात विशिष्ट गुरुत्वाचं पान काढलं, मग फोनवर शोधलं. अंगातलं पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जडच निघालं.

मग काटा बिघडला असेल. तेलाचा रिकामा कॅन पाण्याने भरून त्यावर ठेवला. पाच किलो, वर कॅनचं थोडं. काटा बरोबर होता.

दुसऱ्या सकाळी मी दाराबाहेर थांबलो नाही. हेमा काट्यावर उभी होती आणि तिचा हात बेसिनवर होता. चांगला भार देऊन.

"अगं, हात!"

"तोल जातो माझा."

"हेमा."

ती नळाकडे बघत राहिली. "मागच्या वेळी हॉस्पिटलात आठवडाभर ठेवून घेतलं. तुम्ही बिस्किटांवर काढलात. शेजारी शीलाकडे दोन पोळ्या मागायच्या, तर त्याचीही लाज!"

"मागेन. आजच मागेन. हात काढ."

तिने हात काढला. आकडा चढत बासष्टावर थांबला.

मी शीलाची बेल वाजवली. ती रिक्षा आणायला तशीच खाली धावली. इकडे हेमाच्या सँडलचा पट्टा लागेना. मी खाली बसून ओढून पाहिला.

"दुखतंय हो."

मग मी माझ्या चपला तिच्यापुढे ठेवल्या.

"या वयात नवऱ्याच्या चपला! डोंबिवलीभर मिरवू आता," ती म्हणाली, आणि दम लागून भिंतीला टेकली.

चपला तिला बरोबर बसल्या.