बाहेरचं कुलूप

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत देवळी गावात दुपारच्याला एखादी बाई आपल्या घरात सापडेल तर शपथ. एकीकडचं हळदीकुंकू आटोपलं की दुसरीकडचं, आणि मधल्या वेळात बोलावणी. जी घरात सापडते तिच्याकडे बोलावणारी येते, टेकते, पाणी पिते, सुनेची चौकशी करते आणि मग उठते.

आनंदाबाईंची सून माधवी नेमकी घरात सापडणारी होती. नागपूरच्या एका कंपनीचं काम ती मागच्या खोलीत बसून करायची. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली, तेव्हापासून अंकितसर तिचं काम जरा बारकाईनंच बघत. माणूस वाईट नव्हता, पण काल फोनवर त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "उद्या चारच्या मीटिंगला ते गावाचं सर्च चाललं पाहिजे, माधवी. नाही तर इथं ऑफिसात बसणाऱ्या कुणाला तरी देतो. आणि मग घरून काम करायचं तेवढं विसर."

रोज नागपूर म्हणजे छकुलीचं दूध तोडणं. ते तिच्याच्यानं व्हायचं नव्हतं. म्हणजे नोकरीच सोडणं.

आणि दुखणं तरी केवढंसं! जिनिंगवर कापूस कधी आणायचा तो दिवस शेतकऱ्यानं मोबाइलवर ठरवायचा, एवढंच ते अ‍ॅप्लिकेशन. 'नवीन नोंदणी' दाबलं की पडद्यावर एक चौकट उघडायची, तिच्यात गावांची यादी, आणि यादीत गाव टाइप करून शोधायला एक रिकामी जागा. चौकट तयार कोडच्या एका लायब्ररीतली, यादी दुसरीतली. दोन्ही आयत्या, आपापल्या जागी गुणी. पण दोन घरच्या सुना एका चुलीशी आणल्या, तसं झालं होतं. शोधायच्या जागेत कर्सर क्षणभर लुकलुकायचा, की चौकट त्याला मनगट धरून ओढून न्यायची. एक अक्षर उमटायचं नाही.

परवा माधवीनं सोपी वाट धरली होती. कर्सरला बाहेर न सोडणारा चौकटीचा तो पहाराच काढून टाकला. यादी चालली, पण कर्सर मोकाट सुटला. तपासणाऱ्या मुलीनं चौकट उघडी असतानाच मागच्या पानावर जाऊन भलत्याच शेतकऱ्याची तारीख बदलून दाखवली. काम परत आलं.

"आई, आजच्या दिवस मले कोणी हाक नका मारू देऊ," तिनं सकाळीच सांगून ठेवलं.

आनंदाबाईंनी ते फार मनावर घेतलं. दुपारी छकुलीला कडेवर घेऊन निघताना त्या दारातून म्हणाल्या, "मी बाहेरून कुलूपच घालतो. कुलूप पाह्यलं का बाया आल्या पायी वापस जातेत. तू कर तुयं काम निवांत."

माधवी कानाला हेडफोन लावता लावता हो म्हणाली. दाबून बसवायचं कुलूप खटकन बसलं. सुरुवातीला ती शांतता तिला गोडच लागली.

मग तिनं लायब्ररीची जुनी आवृत्ती लावून पाहिली, नवी लावून पाहिली, यादी चौकटीच्या वर उचलून पाहिली. यादी वर आली, दिसायला झकास दिसली; कर्सर मात्र तसाच ओढला गेला. मीटिंग जवळ आली तसं भिंतीही जवळ आल्यासारखं झालं.

"वहिनी! अवं माधवी वहिनी!"

मागच्या बोळातल्या खिडकीशी शेजारची छाया उभी होती आणि तिच्या खांद्यावर छकुली, रडून रडून लालबुंद झालेली.

"आई कुठी हायेत?"

"पोट्टीले माह्याजवळ ठेवलं आन गेल्या वरच्या आळीत. आत्ता येतो म्हणे. म्या फोन लावून राह्यली, तर तो तुमच्याच घरात वाजून राह्यला!"

खरंच, सैपाकघरात फोन वाजत होता.

"किल्ली?"

"त्यायच्या कमरेले. रुख्माबाईले धाडलं हाय पाहाले."

छकुलीनं आईला पाहिलं आणि सगळी खिडकीवर झेपावली. गजांच्या चौकोनांतून दोन्ही हात आत आले, गाल गजाला चिकटले. माधवीनं तिची बोटं तोंडात घेतली, कपाळाला ओठ लावले. त्याहून पुढे काही जमेना. ब्लाऊज मात्र ओला होत चालला.

चहाचा कप तिनं बाटलीतल्या पाण्यानं विसळला. खिडकीकडे पाठ करून दूध पिळून काढलं आणि तो कप, चमचा, गजांतून बाहेर सरकवला.

"चमच्यानं घेईन का हे?"

"घेते. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं होतं. डोकं जरा वर धर."

छाया चमचा भरता भरता हसली. "जेलातल्या माणसाले बाहेरून डबा येते. तुमचं उलटंच हाय, वहिनी. तुमच्या जेलातून बाहेर डबा निंगते!"

माधवीला हसू आलं आणि रडूही. छकुली घोट घेत होती, पण नाक अजून गजातच खुपसलेलं. खोलीतून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पोर आतच आहे. दिसायला आत. पण होती बोळात.

माधवी टेबलाकडे वळली. यादी दिसतेय चौकटीत. पण आहे कुठं? इतका वेळ तिनं हे पाहिलंच नव्हतं. तिनं पानामागच्या कोडची मांडणी उघडली. यादी पार पानाच्या शेवटाला लटकत होती, चौकटीच्या बाहेर. चौकट बिचारी आपलं काम इमानानं करत होती, बाहेरच्याला कर्सर देत नव्हती.

एका ओळीचं काम होतं. यादीला सांगायचं, तुझं घर पानाच्या टोकाला नाही, या चौकटीत. तिनं ती ओळ लिहिली आणि 'तळे' टाइप केलं. अक्षरं उमटली. यादीत दोन तळेगावं आली, कंसातल्या आपापल्या ओळखीसकट.

मीटिंग सुरू झाली. "मागे आवाज कसला?" अंकितसर.

"मुलगी आहे, सर."

"घरी कुणी नाही का बघायला?"

"आहेत ना. ती बाहेर आहे. मी आत आहे."

सरांना काही उमगलं नाही. "बरं, दाखव. पहारा परत काढला नाहीस ना?"

"नाही. यादीच आत घेतली."

सरांनी स्वतः टाइप केलं, चौकट उघडी ठेवून मागच्या पानावर जाऊन पाहिलं. जाता आलं नाही. "ठीक. पुढची चौकटपण तूच घे. सोमवारी दाखव."

काम हातात राहिलं होतं. तिनं वळून पाहिलं, तर छकुली छायाच्या खांद्यावर झोपली होती, तोंड पलीकडे करून.

आनंदाबाई वाणाची डबी मिरवत आल्या. कुलूप उघडतानाच बोलत होत्या, "आली का कोणी? नाई ना? म्या सांगतलंच होतं!" मग बोळातून वळून आलेल्या छायाच्या हातातला कप पाहिला, सुनेचा ओला पदर पाहिला. त्या भिंतीला टेकल्या. "माय वं. मले वाटलं, राहीन पोट्टी घडीभर." डबी खाली ठेवत हळूच म्हणाल्या, "काम राह्यलं का गेलं?"

"राह्यलं."

"मंग उद्या आता..." त्यांनी कुलपाकडे पाहिलं. "रथसप्तमी अजून लांब हाय."

माधवीनं छकुलीला पदराखाली घेतलं. नको म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण बाया यायच्याच होत्या आणि सोमवारही.

"घाला. पण किल्ली आत ठेवजा. या खिडकीच्या खिळ्यावर."

"कुलूप बाहेर आन किल्ली आत? येडी हायेस का? मंग म्या कशी येऊ घरात?"

"बोळातून हाक मारजा, तुमी नाई तर छाया. म्या देतो किल्ली."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप खटकन बसलं. माधवीनं खुर्ची खिडकीशी ओढली, बसल्या बसल्या हात लांब करून पाहिला. बोटं किल्लीला जेमतेम पुरली. तिनं खुर्ची आणखी थोडी सरकवली, आणि मग सोमवारची चौकट उघडली.