धूम्रहर महाराजांचा पेला

महाल भागातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर धूम्रहर महाराज एकेका सिगारेट ओढणाऱ्याच्या हाती काचेचा पेला आणि नळी देत. "फूंक, बेटा! फेफड्यातलं जहर बाहेर येऊ दे!" माणूस फुंके, आणि नितळ पाणी दुधासारखं पांढरं होई. लोक जयजयकार करत.

माझे मोठे भाऊ रुपराव तिथे फुंकून आले होते. त्यांनी आणि कचेरीतल्या विक्रमने एकाच दिवशी सिगारेट सोडली होती. तलफ आली की एकमेकांना फोन करायचा, असं ठरलं होतं. पंधरा दिवस निभावलं. मग विक्रमच त्यांना महाराजांकडे घेऊन गेला. भाऊंचा पेला पांढरा झाला. महाराजांकडे आधीच येऊन 'शुद्ध' झालेल्या विक्रमचा नितळ राहिला.

त्यानंतर भाऊंनी फोन केला की विक्रम म्हणे, "मले तर तलफच येत नाही गा. तुझीच श्रद्धा कच्ची." भाऊंनी फोन करणं सोडलं आणि ते गच्चीवर लपून ओढू लागले. "मीच नालायक आहो, दामिनी," मला म्हणाले.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पुढच्या रविवारी भाऊ-वहिनींना घेऊन थेट मंचावर चढले. मनकर्णावहिनींनी जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही. त्यांनी फुंकलं, पाणी पांढरं!

"मी कधी ओढली जी?" वहिनींनी विचारलं. लोक हसले. महाराज मंत्र पुटपुटू लागले.

मंचावर विक्रमही होता. त्याच्यासाठी महाराजांनी वेगळा ठेवलेला पेला मी उचलून भाऊंना दिला. त्यांनी जीव तोडून फुंकलं. पाणी नितळच. "अन् मी आज सकाळीच ओढली!" भाऊ ओरडले.

"पानाला लावतो तो चुना पाण्यात ढवळा, वरची निवळी घ्या," मी सांगितलं. "कुणाच्याही श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती पांढरी होते. विक्रमच्या पेल्यात मात्र साधं पाणी आहे."

विक्रमने मान खाली घातली. "माहीत होतं मले. माझीही सुटली नाही. महाराज म्हणे, तू साक्ष दे, लोकांचा विश्वास वाढते."

भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुलेही तलफ येऊन राहिली होती, तर सांगाचं ना गा! मी रोज सोताले शिव्या देत होतो. मले एकटं काहून पाडलं?"

भाऊ आजही विक्रमशी बोलत नाहीत.

आता ते दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे जातात, डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतात. दोनदा घसरले, दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं. आम्ही कुणी रागावलो नाही. तंबाखूचं व्यसन मेंदूत घर करतं, ते फुंकरीने निघत नाही. पुन्हा ओढली, तर श्रद्धा कमी पडली असं समजू नका. डॉक्टरांकडे जा, आपल्या माणसांना खरं सांगा, आणि पुन्हा सोडा.