जांभळं बेणं

हिल्सबरोतल्या आमच्या घरामागची जमीन उताराची. पाऊस पडला की माती खाली धावते, म्हणून मी तिच्या नादी लागत नव्हते. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला, ऋग्वेदाला, मात्र शाळेत इन्का लोकांवर प्रोजेक्ट मिळाला आणि तिने तिथेच मुक्काम ठोकला. डोंगर तासून दगडी बांध घालायचे, आत आधी गोटे, मग खडी, वर माती. दिवसा दगड तापतात आणि रात्री पिकाला ऊब देतात, असं तिने मला शिकवलं. इथला जून-जुलैचा अख्खा हिवाळा दगड वाहून तिने तीन पायऱ्यांचं शेत उभं केलं. "इन्का एकमेकांच्या शेतात राबायचे, आई," हेही ती दोनदा म्हणाली. मी खिडकीतून "शाब्बास" म्हटलं. कुदळ काही हातात घेतली नाही.

बेणं शेजारणीने दिलं. तिचं नाव हिने; माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतली, सत्तरीची. तिच्या आजीपासून, तिच्या शब्दांत 'नॅन'पासून, घरात जपलेले बटाटे, आणि यंदा बरेचसे ओलीने कुजलेले. होते-नव्हते तेवढे तिने ऋग्वेदाला दिले. पीक आलं की निम्मं परत, एवढीच अट. ऋग्वेदा हे सगळं मला सांगत होती तेव्हा मी फोनवर शिफ्ट बदलून घेत होते. "हं, हं" म्हटलं. ऐकलं नाही असं नाही. ऐकून सोडून दिलं.

ऑगस्टमधली संकष्टी. फार्मसीत दिवसभर उभी राहून आले. पोटात कावळे ओरडत होते आणि साबुदाणा भिजवायचा राहिलेला. घरात बटाटा नाही. कपडे धुवायच्या खोलीच्या खिडकीत मात्र अंड्यांच्या ट्रेमध्ये कोंब वर करून बटाटे बसलेले. मोड आलेला बटाटा आधी संपवायचा, हे आमच्या अंगात भिनलेलं. प्रोजेक्टचेच आहेत ना, उद्या दुसरे आणून ठेवू, असं म्हणत मी सगळ्यांचे कोंब खुडले. कापला तर आत गर्द जांभळा. तिथे तरी हात थांबायला हवा होता. थांबला नाही. तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट. भाजी चांगली झाली होती, हे सांगायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जांभळ्या सालीचे बटाटे विकत आणून ट्रेमध्ये मांडून ठेवले.

शनिवारी लावणी ठरली होती, हिनेही येणार होती. सकाळी ऋग्वेदा ट्रे घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढराफटक.

"आई, स्प्राउट्स गेले. ऑल ऑफ देम."

"अगं, थंडीने होतं असं कधीकधी." खोटं इतकं सहज तोंडातून आलं, की माझं मलाच नवल वाटलं.

"मीच ठेवला ना ट्रे खिडकीत. इट्स माय फॉल्ट. दे वर हर नॅन्स, आई. शी हॅज नो मोअर." डोळे पुसत ती दाराकडे वळली. "आय हॅव टु टेल हर."

माझं पाप स्वतःच्या माथी घेऊन माझी लेक निघाली होती, आणि मी ओट्याला टेकून उभी. मला माझीच किळस आली.

"थांब," मी म्हटलं. "तुझ्यामुळे काही झालं नाही. ते मी खाल्ले. संकष्टीला. हे दुकानातले आहेत."

ती रडली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं.

"बट आई," ती हळूच म्हणाली, "यू वर फास्टिंग."

उपवासाला बटाटा चालतो, हे आता कुठल्या तोंडाने सांगणार?

तिने ट्रे माझ्या हातात दिला. दारातले माझे जँडल्स, रबरी सपाता, पायाने माझ्यासमोर सरकवले.

"यू टेल हर. आय'ल कम विथ यू."

उतारावर, ऋग्वेदाने रचलेल्या सगळ्यात खालच्या बांधापाशी, हिने हातमोजे घालून आधीच येऊन बसली होती. आम्हाला पाहून तिने हात हलवला.

"किया ओरा, कौमुदी!" ती खालून ओरडली. "आणलेत का माझ्या नॅनचे बटाटे?"