म्हसोबाचा घाम आणि साळूबाईचा पाटा

घरटी पायलीभर बाजरी, आणि वाडीत घरं चाळीस. म्हसोबाला एकदा घाम फुटला की पोपटराव भगताचे दोन-तीन महिने निघायचे. आषाढातल्या एका सकाळी न्हावऱ्याजवळच्या त्या वाडीत तो फुटला. शेंदरी धोंड्यावरून थेंब ओघळत होते आणि रांग पार रस्त्यावर गेली होती.

"चार दिसात पाऊस. पेरा बिनघोर. शंका घेणाराच्या रानात कुसळ बी उगवायचं न्हाई," पोपटराव म्हणाला.

वारं भणाणत होतं. ढग पश्चिमेकडून यायचे आणि न थांबता दौंडाच्या अंगाला पळायचे. साळूबाईच्या जिवाला चैन नव्हतं. घरात बियाणं एकाच पेरणीपुरतं, आणि नवऱ्यानं, भिमाजीनं, उद्याच्या पेरणीसाठी पाभर बाहेर काढलेली. तिनं थेंब जिभेला लावला.

"भगत, हे खारट हाय."

"घाम खारटच असतो, अक्के. देवाचा काय गुळाचा असंल व्हय?"

लोक हसले. साळूबाईही हसली, पण घरी येऊन पाहते तर बरणीतलं मीठही तसंच पाझरलेलं.

शाळेतल्या एलिझाबेथबाई पाऊस मोजून लिहून ठेवायच्या. साळूबाईनं त्यांना थेंबाचं आणि बरणीचं सांगितलं, तशी त्यांनी वही उघडली. "दोन वर्षांत घाम नऊ वेळा, त्यावर पाऊस दोनदाच. मावशी, ढग आपलं पाणी घाटातच सांडतात. इकडं येतो तो नुसता दमट वारा. आपल्याकडं जोर भाद्रपदात."

"मग चला की सांगाया."

"मी आले तर म्हणतील, चर्चवाली आली. मीठ मुरलेला कुठलाही दगड दमट वाऱ्यात असाच पाझरतो. पाटा तुमचा, मीठ तुमचं. तुम्हीच दाखवा."

साळूबाईनं पाटा मिठाच्या पाण्यात भिजवून चुलीपुढं वाळवला. वरवंटा नुसता धुतला. सांजेला दोन्ही देवळाच्या पायरीवर ठेवले. सकाळी वरवंटा कोरडा, पाट्यावर थेंब.

"पोपटराव, माझ्या पाट्याच्या बी अंगात आलंय. त्याला किती पायल्या?"

"देवाची बरोबरी करतीस?"

"न्हाई. मिठाची करते. टोप काढा."

वाडीतले वडीलधारे सर्जेराव आप्पा पुढं झाले, त्यांनी देवाचा टोप उचलला. खालच्या खाचेत मूठभर खडेमीठ पाझरत होतं.

"ते नवसाचं हाय," पोपटराव पुटपुटला.

भिमाजीनं पाभर पुन्हा छपरात नेली.

साळूबाई एवढंच म्हणाली, "हात जोडायचं तर जोडा. पन पेरायच्या आधी ढेकूळ फोडून ओल बघा, आन् बाईंची वही."

पाऊस तेविसाव्या दिवशी आला. तोवर पोपटराव बाजरीसकट पाहुण्यांकडं गेला होता. पहिल्याच दिवशी घाईनं पेरलेल्या अकरा घरांचं बियाणं कोरड्या मातीतून मुंग्यांनी नेलं. साळूबाईचं पोतं शाबूत राहिलं. तिला खर्च पडला ओंजळभर मिठाचा.